पुढच्या फळीवर

१

सन दोन हजार चोवीस. फेब्रुवारीची अठरा तारीख, रविवार. थंडी सरत आली होती. सकाळी स्वेटर लागायचा आणि दहाला तो काढून कमरेला बांधायला लागायचा, असे ते दिवस.

त्या आठवड्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मला सोहळे आवडत नाहीत. पण मुलगा प्रेम आणि सून दीप्ती यांनी परस्पर ठरवलं. ते घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. आम्ही डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर. त्यांच्या इमारतींच्या पाठीमागे, खाडीला लागून, कोळ्यांचं एक जुनं गाव आहे. तिथे एका घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. जेवण घरचं. शिवाय फिरायला छोटी मोटरबोट भाड्याने मिळते. आपली आपण चालवायची.

"आपली आपण म्हणजे कोणी?" मी विचारलं.

"तुम्ही, बाबा," प्रेम म्हणाला. "आयुष्यभर मशीनच चालवलंत ना?"

यावर नाही म्हणता आलं नाही. मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वरच्या पाण्यात मी कधी उतरलेलो नाही. हे मी पन्नास वर्षांत बायकोला, शांताबाईलाही सांगितलेलं नाही. तिला ठाऊक असणार.

माझं नाव कुंडलिक. शिक्षण सहावी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, चालवला आणि दहाही बोटं घेऊन घरी आलो. आमच्या खात्यात असे आम्ही तिघेच. आम्ही बौद्ध. भूत, अंगात येणं, नारळ, लिंबू यातलं काही आमच्या घरात चालत नाही. जे घडलं तेवढं लिहितो. त्याचा अर्थ मला विचारू नये.

२

बोटीचा मालक दाजी. पन्नाशीचा कोळी, पोट पुढे आणि हसू पोटाच्याही पुढे. त्याची बायको सगुणा. तिने आदल्या रात्री बोंबील असे तळले की शांताबाईने मला न विचारता माझ्या ताटातले दोन उचलले.

सकाळी नाश्ता करून आम्ही धक्क्यावर गेलो. धक्का म्हणजे सिमेंटच्या सहा पायऱ्या. खाली बोट. फायबरची, निळी, तेरा फूट. कडेने एक लाल पट्टा ओढलेला. बसायला तीन फळ्या, मागची, मधली, पुढची. मागच्या कडेला मशीन टांगलेलं.

"ही दोरी खेचायची," दाजी म्हणाला. "मशीन चालू. हा दांडा हातात धरायचा. दांडा उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं जाते."

"उलटी?"

"बोट हाय ती, बाबा. बायकोसारखी. सांगाल त्याच्या उलटं."

सगुणाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. शांताबाईला इतकं हसू आलं की ती पायरीवर बसली.

"ब्रेक कुठे आहे?" मी विचारलं.

दाजीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग तो तोंड फिरवून हसला. "ब्रेक नाय. मशीन बंद केलं की थांबते. कधीतरी."

मी मशीन उघडून पाहिलं. प्लग साफ होता. नट घट्ट होते. माणूस बडबड्या आहे पण कामाचा आहे, एवढी खात्री झाली.

दाजीने आम्हाला नारिंगी जाकिटं घातली. पाण्यात पडलं तर तरंगायला. तिसरं जाकीट त्याने पुढच्या फळीवर टाकलं.

"ते कोणाला?"

"कोनाला नाय. तीन फळ्या, तीन जाकिटं. पोलीस बघतात." मग त्याने हात लांब करून दाखवलं. "हा खाडीचा फाटा हाय. सरळ जायचं. पांढरा खांब दिसला की वळून यायचं. पानी उतरतंय, काठाला जाऊ नका. चिखलात बोट बसली तर संध्याकाळच्या भरतीपर्यंत तुमी तिथंच. मी येऊ का संगती?"

"नको," मी म्हणालो.

मला हो म्हणायचं होतं.

३

मी मागच्या फळीवर बसलो. शांताबाई मधल्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून. "समोरचं पाणी काय, बघितलं की दिसतं," ती म्हणाली. "तुमचा चेहरा रोज असा बघायला मिळत नाही."

सगुणा पायरीवर वाकली. तिने शांताबाईच्या खांद्याला बोट लावलं, मग माझ्या. तोंडातून शब्द नाही.

"काय गं करतेस?" शांताबाईने विचारलं.

"मोजते," सगुणा हसली.

मी दोरी हातात घेतली. कारखान्यात मशीन चालू करण्याआधी ओरडून विचारायची शिस्त होती. प्रेसवर पत्रा धरायला दोन माणसं असायची. मी विचारायचो, "चालू करू?" एक म्हणायचा, "करा." दुसरा म्हणायचा, "करा." दोन्ही उत्तरं आल्याशिवाय माझा पाय पायडलवर पडत नसे. माझी बोटं राहिली ती यामुळे. त्यांचीही राहिली.

म्हणून मी विचारलं, "सगळे बसले? चालू करू?"

"सगळे कोण?" शांताबाई म्हणाली. "वरात निघालीय का? करा."

एकच उत्तर ऐकून हात जरा अडखळला. मग मी दोरी खेचली. पहिल्या झटक्यात मशीन लागलं.

वर दाजीचं हसू थांबलं होतं. तो दोन पायऱ्या खाली आला आणि मशीनच्या आवाजावरून ओरडला, "बाबा! हितं ठीक हाय. खाडीत कुठं टेकलात तर निघताना तसं इचारू नका."

"का?"

"पद्धत नाय. डोळ्यांनी मोजा नि निघा."

मी मान हलवली. कोणी माझ्या मशीनवर मला शिकवलेलं मला चालत नाही. पण पाणी त्याचं होतं.

पहिली दहा मिनिटं बोट साप चालतो तशी चालली. दांडा उजवीकडे नेला की डावीकडे, डावीकडे नेला की उजवीकडे. एका बगळ्याने आम्हाला तीनदा जागा करून दिली, चौथ्यांदा तो कंटाळून उडून गेला. शांताबाई प्रत्येक वळणाला "ओ ड्रायव्हर, स्टॉप गेला!" असं ओरडायची. तिने फोन काढून सुनेला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बाबांचा चेहरा असा का झालाय?" दीप्तीने विचारलं.

"तो तसाच आहे गं. लग्नापासून."

काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या वर लांब प्रेम-दीप्तीच्या इमारती दिसत होत्या. शांताबाई कुठल्यातरी खिडकीला हात हलवत राहिली. ऊन छान होतं. पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं. हळूहळू दांड्याचं गणित माझ्या हाताला कळलं. बोट सरळ धावू लागली. मी खोटं लिहीत नाही, मला मजा वाटू लागली होती. शांताबाईने ती माझ्या तोंडावर पाहिली. तिने चिक्कीचा तुकडा माझ्या तोंडात घातला.

४

पांढरा खांब आला. मी बोट वळवायला घेतली, पण वळण मोठं झालं आणि आम्ही खांबाच्या पलीकडे गेलो. तिथे मशीन गुरगुरलं आणि बंद पडलं. बोट आपल्या चालीने काठाकडे सरकली. नाक चिखलात रुतलं.

मशीन थांबल्यावर कळलं की तिथे किती शांत आहे. रस्त्याचा आवाज नाही. पक्षी नाही. तिवरांच्या मुळांमधून पाणी निथळत होतं, तेवढाच बुडबुड आवाज.

"बुडणार का आपण?" शांताबाईने उत्सुकतेने विचारलं.

"चिखलात कोणी बुडत नाही. गप्प बस."

मी मशीन वर उचललं. पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला गेला होता. खिशातल्या चाकूने धागा धागा कापून काढला. पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत मी पाण्यावर आहे हे विसरलो. हाताला काम होतं. शांताबाई तिवरांकडे बघत कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होती.

मग बोटीतलं वल्हं चिखलात टेकवून जोर लावला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा बोट सुटली. मशीन खाली सोडलं, दोरी हातात घेतली.

"सगळे बसले? चालू करू?"

"करा," शांताबाई म्हणाली.

"करा."

मी दोरी खेचली. मशीन लागलं.

मला तेव्हा काहीही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. चौतीस वर्षं मी दोन उत्तरं ऐकत आलो होतो. पांढरा खांब मागे पडला, त्यानंतर माझ्या ध्यानात आलं की बोटीत आम्ही दोघंच आहोत.

५

आधी मी विचार केला. आवाज तिवरांवर आपटून परत आला असेल. पण तो शांताबाईचा नव्हता. बाईचाच नव्हता. माझा म्हणावा, तर मी 'करा' म्हणालो नव्हतो. कोणीतरी काठावर खेकडे पकडत असेल, त्याने थट्टा केली असेल. हे मला पटलं. मी ते पटवून घेतलं आणि दांडा धरून बसलो.

मग बोट जड लागली. जाताना नाक पाण्याच्या वर होतं, लाल पट्टा पूर्ण दिसत होता. आता पुढचा पट्टा पाण्याखाली होता. पत्र्याच्या गठ्ठ्याचं वजन मी नजरेने सांगायचो, दोन किलो इकडे तिकडे. हे वजन साठ किलोचं होतं.

पाणी शिरलं असेल म्हणून मी बोटीच्या तळाला हात लावून पाहिला. कोरडा.

"वेग का कमी केलात?" शांताबाईने विचारलं.

"केला नाही."

"मग बोट दमली का? तिचंही वय झालं असेल."

मी तिच्या खांद्यावरून पुढच्या फळीकडे पाहिलं. जाताना जाकीट तिथे आडवं पडलं होतं. आता ते उभं होतं. वारा नव्हता. वारा असता तरी वाऱ्याने जाकीट बसत नाही. ते बसलं होतं. त्याचे तिन्ही पट्टे लावलेले होते, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि खांदे असावेत तिथे ते भरलेलं होतं. मानेच्या जागी पलीकडचं पाणी दिसत होतं.

"तू जाकिटाला हात लावलास का?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"काही नाही. मागे बघू नकोस."

"का? मगर आहे?" ती हसली. मग तिने खांदे जरा आवळले. "अहो, पाठीवर छान ऊन येत होतं. आता येत नाही. ढग आला का?"

मी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. माझ्या तोंडावर ऊन होतं. फळ्यांवर होतं. फक्त तिच्या दोन्ही खांद्यांवर मागून सावली पडली होती.

"आला," मी म्हणालो.

६

धक्का दिसला तेव्हा दाजी पायरीवर बसून जाळं विणत होता. आम्हाला पाहून उभा राहिला, दोन्ही हात वर करून ओरडला, "आला, आला, कप्तान आला!"

बोट जवळ आली. त्याची नजर लाल पट्ट्यावर गेली. हात खाली आले.

सगुणा दोरी घेऊन उतरली होती. तिने बोटाने मोजलं. शांताबाई. मी. तिचं बोट पुढच्या फळीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. तिने दोरी टाकली नाही. छातीशी धरली.

"बाबा," दाजी हळू म्हणाला. "कुठं टेकलात?"

"खांबाच्या पुढे. मशीन अडकलं होतं."

"नि निघताना?"

मी मशीनच्या दोरीकडे पाहिलं. त्याला ते कळलं.

शांताबाईने उतरायला पाय उचलला. "अगं दोरी टाक ना, सगुणा. चहा ठेवलायस की नाही?"

"मावशी, पाय आत घ्या," सगुणा म्हणाली. एवढं तिखट ती आदल्या दिवसापासून बोलली नव्हती. शांताबाईने पाय आत घेतला.

दाजी पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. माझ्याशी बोलताना तो पुढच्या फळीकडे चुकूनही पाहत नव्हता. "बाबा, मी दोन सोडले. दोनच उतरतील. कुठले दोन, ते मी नाय सांगू शकत."

मला राग आला. मला वाटलं, शहरातल्या म्हाताऱ्यांना घाबरवायचा हा धंदा आहे. पाहुण्यांना गंमत म्हणून दाखवत असतील. तसं बोलायला मी तोंड उघडलं. पण दाजीच्या मानेवरची शीर उडत होती. धंदा करणाऱ्या माणसाची शीर उडत नाही. आणि पट्टा माझ्या डोळ्यांसमोर पाण्याखाली होता.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"मी त्याचं नाव-गाव इचारलेलं नाय. तुमी पन इचारू नका. तुमी बोलावलंत, तो बसला. आता जिथनं घेतला तिथं पोचवा."

"तू चल बरोबर."

"मी आलो तर त्याला वाटेल मी त्याला घरी न्यायला आलोय." दाजीने मान हलवली. "पानी उतरतंय. अर्धा तास हाय तुमच्याकडं. मग तिथं बोट जायची नाय."

आता शांताबाईने मागे वळून पाहिलं. मी थांबवायच्या आधीच पाहिलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे तोंड केलं. ओठ कोरडे पडले होते, पण आवाज तिचाच होता.

"जाकिटाचे पट्टे मी नाही हो लावले."

"मला माहीत आहे. तू उतर. मी जाऊन येतो."

"मी उतरले की एक झाला. दुसरा तुम्हीच असाल कशावरून?"

हिशेब सोपा होता.

"आणि हा माझ्या मागोमाग उतरला तर?" ती म्हणाली. "मी याला डोंबिवलीला नेऊ? पन्नास वर्षं एक सांभाळलाय, तेवढा पुरे." ती फळीवर घट्ट बसली आणि दोन्ही हातांनी फळी धरली. "चला. मशीन चालू करा. आणि तोंडाने काही विचारू नका."

मी डोळ्यांनी मोजलं. दोरी खेचली.

७

दुसऱ्यांदा तोच फाटा ओळखू आला नाही. पाणी अर्धं झालं होतं. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता आणि मधून पाटाएवढी वाट राहिली होती. मशीनचा पंखा दोनदा तळाला घासला. मी दांडा इतका घट्ट धरला होता की हात कोपरापर्यंत बधिर झाला. बोट उलटली तर शांताबाईला कसं धरायचं याचा मी विचार करत होतो. मला स्वतःलाच धरता आलं नसतं.

बोट एका बाजूला कलत होती. पुढचं वजन फळीच्या डाव्या टोकाला सरकलं होतं. डावी कड पाण्याला टेकायला आली. मी उजवीकडे सरकलो. पुरेना.

शांताबाईने ते पाहिलं. मागे न वळता, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी ती म्हणाली, "दादा, जरा मधे सरकून बसता का? बोट वाकते."

फळी करकरली. बोट सरळ झाली.

तोपर्यंत माझ्या डोक्यात एक कोपरा होता, तो म्हणत होता की हे सगळं ऊन लागल्यामुळे होतंय. तो कोपरा तिथे बंद झाला.

शांताबाई पांढरी पडली होती. पण एकदा बोलायला लागलेली शांताबाई थांबत नाही. "आमचे हे नवीन आहेत बोटीला," ती मागच्याला सांगू लागली. "आज पहिलाच दिवस. मशीनचं सगळं येतं. पाण्याचं येत नाही. पोहताही येत नाही. मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं, मी कधी बोलून नाही दाखवलं."

"शांता," मी म्हणालो.

"अहो, त्यांना कळू दे. माणूस वाईट नाही, फक्त हट्टी आहे."

पुढून कोणीतरी नाकातून श्वास सोडला. हसताना सोडतात तसा. शांताबाईने माझे गुडघे धरले, आणि खांब येईपर्यंत सोडले नाहीत.

८

आमच्या बोटीच्या नाकाने चिखलात केलेली खोबण अजून तिथे होती. मी बोट बरोबर त्याच खोबणीत घातली. आयुष्यात एवढं नेमकं काम मी प्रेसवरही केलं नसेल. मशीन बंद केलं.

"उतरा," मी म्हणालो.

पट्टा पाण्याखालीच होता.

"आलं तुमचं ठिकाण. उतरा."

काही नाही. पाणी उतरत होतं. बोटीच्या मागच्या बाजूलाही आता तळ दिसू लागला होता. अजून दहा मिनिटं, मग संध्याकाळपर्यंत आम्ही तिघे.

"अहो," शांताबाई कुजबुजली. "वयस्कर माणूस असेल. चिखलात एकट्याने कसा उतरेल? हात द्या."

मी दांडा सोडला. हलत्या बोटीत उभं राहता येत नाही, म्हणून गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत निघालो. शांताबाईच्या बाजूने जाताना तिने जाकिटाखालून बाहेर आलेला माझा शर्ट मागून मुठीत धरला. पुढची फळी आली. जाकिटाकडे न बघता मी बोटीच्या कडेवरून एक पाय चिखलात टाकला. तो पोटरीपर्यंत गेला. मग मी मान खाली घातली आणि उजवा हात पुढे केला.

तो घेतला गेला.

मला वाटलं होतं गार असेल, ओला असेल. तो कोरडा होता आणि गरम होता. काम करून आलेल्या माणसाचा असतो तसा. अंगठा माझ्या मनगटावर येऊन बसला. माझी नाडी त्याच्याखाली उडत होती आणि तो ती ऐकत होता. उतरायची त्याला घाई नव्हती. त्याने मला जरासं आपल्याकडे ओढलं. नंतर आणखी जरासं. माझा दुसरा पाय फळीवरून सुटू लागला. शांताबाईने शर्ट दोन्ही हातांनी धरला. कॉलर माझ्या गळ्याला रुतली.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

हा शब्द मी साहेबाला म्हटला नव्हता, भावाला म्हटला नव्हता, शांताबाईला तर कधीच नाही. तो जड निघाला.

"तुम्हाला उगाच उठवलं. बसायला बोलावलं नव्हतं, सवयीने बोललो. माझं चुकलं. आता सावकाश उतरा. मी धरलंय."

माझ्या हातावर सगळा भार आला. पुरे साठ किलो. खांदा निखळेल असं वाटलं. मी हात खाली जाऊ दिला नाही. बाजूला प्लास्टिकचे पट्टे सुटल्याचा आवाज झाला, एक, दोन, तीन. माझ्या पायाशेजारच्या चिखलात काहीतरी रुतलं आणि चिखलाने हवा सोडली. अंगठा मनगटावरून निघाला. मग बोटं निघाली, एकेक करून.

मी मान वर केली. समोर उघड्या चिखलावर शेकडो निवटे होते, बोटभर लांबीचे, चिखलावर उड्या मारणारे मासे. बोटीपासून सुरुवात करून ते दोन्ही बाजूंना पटापट उड्या मारून बाजूला होत होते. माणूस चालताना जेवढी वाट लागते तेवढी वाट. एकेका पावलाएवढं अंतर. ती वाट तिवरांपर्यंत गेली. शेवटच्या झाडापाशी थोडी थांबली. तिथली एक फांदी कोणीतरी हाताने बाजूला धरावी तशी वाकली आणि परत जागेवर आली.

बोटीचं नाक वर उचललं गेलं. लाल पट्टा पाण्यातून पूर्ण बाहेर आला.

जिथून घेतलं तिथे पोचवलं. देणं फिटलं. मी पाय उपसून बोटीत चढलो, वल्ह्याने बोट सोडवली, तोंडाने काही न विचारता दोरी खेचली, आणि धक्क्यावर सगुणाने बोटाने दोन मोजून आमच्याकडे दोरी टाकली.